गुंगी आणि देहाची झुंज

अतिदक्षता विभागात श्वसनयंत्रावर असलेल्या आपल्या माणसाकडे पाहताना आप्तांच्या मनात एकच इच्छा असते. त्याने शांत पडून राहावे. घशात नळी, अंगाला सुया आणि सभोवार यंत्रांचा गजर, अशा स्थितीत रोग्याच्या वेदना आणि भय शमविणे हे वैद्याचे कर्तव्यच होय. परंतु शांत दिसणारा देह सुरक्षित असतोच असे मात्र नाही.

जबर इजा झाली की मेंदूकडून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना आज्ञा सुटते. त्या कॉर्टिसॉल आदी द्रव्ये रक्तात सोडतात. नाडी जलद चालते, रक्तदाब टिकून राहतो, रक्तातील साखर वाढते. हा क्षोभ फार काळ राहिला तर देहाला जाचतो. पण तो पुरता दडपला गेला, तर झुंजण्याचे बळच नाहीसे होते.

याचा दारुण प्रत्यय ग्लासगो येथे आला. एटोमिडेट नावाच्या औषधाने रक्तदाब फारसा ढळत नसे. म्हणून श्वसनयंत्रावरील जखमी रोग्यांना ते सतत शिरेतून देण्यात येई. लेडिंगहॅम आणि वॉट या वैद्यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले निरीक्षण कळविले. मॉर्फीन व अन्य शामक औषधांवरील रोग्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २८, तर एटोमिडेट दिलेल्यांत शेकडा ७७ होते! पुढे उलगडा झाला, की कॉर्टिसॉल तयार करणारी ग्रंथींतील क्रियाच हे औषध रोखून धरते. रोगी स्वस्थ निजलेला दिसे, आणि आत त्याचे रक्षणसाधन निकामी झालेले असे. नळी घालण्यापूर्वी एटोमिडेटची एखादी मात्रा आजही दिली जाते. सतत देण्याची प्रथा मात्र बंद पडली.

गुंगी नेमकी किती असावी, हा प्रश्न तरीही उरलाच. शिकागो येथील वैद्यांनी २००० साली १२८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची गुंगी रोज थांबवून त्यांना जागे होऊ दिले, ते साधारण ४.९ दिवसांत यंत्रावरून सुटले, इतरांना ७.३ दिवस लागले.

तात्पर्य, वेदना प्रथम शमवावी आणि गुंगी गरजेपुरतीच द्यावी. म्हणून यंत्रावरील आपल्या माणसाने डोळे उघडले, तर घाबरून त्याला पुन्हा निजविण्याचा आग्रह धरू नका. त्याचा हात हाती घ्या, त्याच्याशी बोला, आणि त्याला वेदना तर होत नाहीत ना, एवढे वैद्यांना अवश्य विचारा.