बागेचा गडगा आणि उताऱ्याची हद्द
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस. वक्ता नव्हे. पण आपल्यापैकी बऱ्याच घरांतून हल्ली एकच बोलणे ऐकू येते: "निवृत्तीनंतर शहरात राहायचे नाही, जोयडा भागात एखादे जुने घर बघू. चार माड, पोफळी, मिरीचे वेल असावेत." म्हणून आज घराविषयी नाही, घरामागच्या बागेच्या हद्दीविषयी बोलतो.

माझ्या नात्यातल्या एका कुटुंबाने अणशी गावात असे घर पाहिले. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे अंगण, मागे बाग आणि बागेत बारमाही विहीर. म्हातारे नवरा-बायको मुलाकडे राहायला जाणार होते. बागेभोवती गडगा होता. विकणाऱ्यांनी सांगितले, "गडग्याच्या आतले सगळे आपले." ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या वडिलांनीही त्यांना तेच सांगितले होते.

उतारा काढला. त्यात निघाले १८ गुंठे. टेप लावली तेव्हा गडग्याच्या आत भरले २५. हे सात गुंठे आले कुठून?

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच राहिला. त्यामुळे इथली मोजणी मुंबईच्या पद्धतीने झाली: ३३ फुटांची साखळी, साखळीचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. टिप्पण, आकारबंद, पोटखराब हे शब्द आजही कर्नाटकच्या दप्तरात आहेत. मोजणीसाठी अर्ज करायच्या सरकारी व्यवस्थेचे नावच 'मोजिणी' आहे. तेव्हा भाषा कन्नड असली तरी कागद आपल्याला परका नाही. घाबरू नये, वाचून घ्यावा.

उताऱ्यात, म्हणजे आरटीसीत, तिसरा रकाना अवश्य पाहा. तिथे एकूण क्षेत्र आणि खराबा वेगळा दाखवलेला असतो. 'अ' खराबा लागवडीला निरुपयोगी, पण मालकाचा. 'ब' खराबा म्हणजे वाट, ओढा, सार्वजनिक उपयोगाची जागा. ती विकता येत नाही. आणखी एक गोष्ट, पंचायतीची घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे.

मोजणीचा अर्ज केला, शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, मोजणीदार आला. सातपैकी चार गुंठे चुलतभावाच्या हिश्श्यातले निघाले. आजोबांच्या वेळी तोंडी वाटणी झाली होती, कागदावर फोड झालीच नव्हती. विहीर नेमकी त्याच चार गुंठ्यांत! उरलेले तीन गुंठे जंगलाच्या बाजूला, वनखात्याच्या हद्दीत.

अणशीत हा शेवटचा मुद्दा फार जड आहे. १९८७ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. तिथे वनजमिनीवरचा पाच-पन्नास वर्षांचा वापर दाखवून खरेदीखत होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने कुणाला हक्कपत्र मिळाले असेल तर ते वारसांना जाते, पण विकता येत नाही. घाटावर शिरसी-सिद्धापूरकडे बागायतदारांना सोप्पिन बेट्टा असतो. तिथेही पालापाचोळा घेण्याची सवलत असते, मालकी नसते. वापर, सवलत आणि मालकी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकच गडगा तिन्हींभोवती असू शकतो.

हे सांगितल्यावर त्या आजी एवढेच म्हणाल्या, "त्या पोफळी मी लावल्यात. डोक्यावरून पाणी घातलंय. मग त्या माझ्या न्हवंत?" मला कलमे ठाऊक होती, पण त्यांना काय सांगणार? झाडाला घातलेले पाणी कुठल्या रकान्यात लिहितात?

पुढे काय झाले ते सांगतो. मोजणी होईपर्यंत बयाणा दिला नव्हता, म्हणून दोन्हीकडे बोलायला जागा राहिली. सर्व्हे नंबरचा भाग विकायचा तर ११-ई नकाशा लागतोच. त्यासाठी आधी चुलतभावांची फोड झाली. किंमत १८ गुंठ्यांचीच ठरली. म्हाताऱ्यांना ते लागले, दोन दिवस ते बोललेच नाहीत. चुलतभाऊ म्हणाला, "विहीर विकणार नाही, पण पाणी कुणाला अडवणार नाही." माणूस भला. पण उद्या त्याची मुले काय म्हणतील? म्हणून पाण्याचा आणि विहिरीपर्यंतच्या वाटेचा हक्क लेखी करून नोंदवून घेतला. जंगलाकडचे तीन गुंठे खतात घातले नाहीत. नवे कुंपण मोजणीच्या दगडावर आले आणि आजींच्या पोफळी त्याच्या बाहेर राहिल्या.

कोणी म्हणेल, खतात चतुःसीमा गडग्यापर्यंत लिहिली असती तर? क्षेत्र आणि सीमा जुळत नाहीत तेव्हा न्यायालये सहसा स्पष्ट सीमेला अधिक वजन देतात, हे खरे. पण विकणाऱ्याकडे जे नाही ते खतात लिहून खरेदीदाराचे होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने ठाऊक असलेला दोष सांगायला हवा. पण साधी काळजी घेतली असता जो दोष दिसला असता, त्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. टेप लावणे ही साधी काळजीच आहे.

शेवटी एक विनंती. घर विकत घेणारे आपल्यात थोडे असतील, पण गावी वडिलोपार्जित घर असलेले बहुतेक सगळे आहोत. चुलत्यांशी तोंडी वाटण्या आपल्याही झाल्या आहेत. जोवर दोन्हीकडची वडीलधारी माणसे आहेत, "इथवर तुझे, इथून माझे" असे बांधावर उभे राहून सांगणारी आहेत, तोवर मोजणी आणि फोड करून घ्या. त्यांच्यासमोर ते काम एका दुपारचे आहे. ती गेल्यावर तेच कोर्टात जाते, आणि मग भाऊबंद गणपतीलाही एकमेकांच्या घरी येत नाहीत.