दमयंती जोशी : युरोप ते खैरागड
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या अभनपूरहून रायपूर, दुर्ग, राजनांदगाव ओलांडले की खैरागड फार दूर राहत नाही. तेथील राजवाड्यात १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. श्रीकृष्ण रातंजनकर तेथे कुलगुरू होते, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु तेथेच कथ्थक शिकविणाऱ्या दमयंती जोशी यांचे नाव आपल्या घरांतून क्वचितच निघते.

दमयंतीबाईंचा जन्म १९२८ साली मुंबईत झाला. मातोश्री वत्सलाबाई सोखी दांपत्याकडे नोकरीस होत्या. साहिबसिंग सोखी हे हाफकिन संस्थेचे संचालक. पत्नी लीला म्हणजेच विख्यात नर्तिका मॅडम मेनका. स्वतःचे अपत्य गमावलेल्या मेनकांनी या मुलीस दत्तक मागितले. वत्सलाबाईंनी मुलगी दिली नाही. मात्र दोघींनी मिळून तिला वाढवावे, यास त्या राजी झाल्या. या साऱ्या चरित्रात मला हाच निर्णय सर्वांत मोठा वाटतो. नृत्याचे नाव काढताच घरंदाज माणसे कानांवर हात ठेवीत, असा तो काळ. नोकरीवर पोट असलेल्या त्या माउलीने लेकही सोडली नाही आणि लेकीची वाटही अडविली नाही. आपल्यापैकी कितीजणांना हे साधले असते?

पंडित सीताराम प्रसाद यांच्याकडे शिक्षण झाले आणि बालवयातच दमयंती मेनकांच्या संचाबरोबर युरोपात गेली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकनिमित्त भरलेल्या नृत्यमहोत्सवात हा संच होता. आपल्याकडे दूरदर्शनला अजून अवकाश होता. पण मेनकांच्या संचाचे नृत्य १९३८ च्या एका जर्मन चित्रपटात टिपले गेले.

१९४७ मध्ये मेनका निवर्तल्या. संचात वाढलेल्या नर्तिकेने एकटीने रंगमंच पेलणे सोपे नव्हे. बाईंनी लखनौच्या अच्छन, लच्छू आणि शंभू महाराजांकडे, तसेच जयपूर घराण्याच्या हिरालालजींकडे साधना केली. लखनौचा नाजूक भाव आणि जयपूरचे कणखर पदन्यास ही दोन्ही अंगे त्यांनी आत्मसात केली. कथ्थकमध्ये साडीचा वेश त्यांनीच प्रथम आणला, असे मानतात. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मश्री त्यांस मिळाली. पुढे लखनौच्या कथ्थक केंद्राचे संचालकपदही या मुंबईकर बाईंकडे आले. म्हणजे प्रत्यक्ष गुरूंच्याच अंगणात!

२००४ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. मेनकांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. ते मंडळाच्या ग्रंथालयात यावे आणि या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुलामुलींची एक सहल खैरागडला न्यावी, एवढी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो.