टीबीच्या जंतूचं मेणचट कवच

शिरवण्याच्या एमआयडीसीतला एखादा कामगार टीबीच्या गोळ्या सुरू करतो. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, अंग भरतं. मग तो विचारतो, गोळ्या 6 महिने कशासाठी? ‘कोर्स पूर्ण करा’ एवढंच उत्तर त्याला मिळतं, आणि ते मला फार अपुरं वाटतं. खऱ्या उत्तराचा मोठा भाग जंतूच्या अंगावरच्या चरबीत आहे.

प्रत्येक जिवाणूभोवती स्निग्ध रेणूंचं, म्हणजे लिपिडांचं, अतिशय पातळ पटल असतं. थंडीत तूप थिजतं, शेंगदाण्याचं तेल मात्र वाहतं राहतं. तुपातल्या मेदाम्लांच्या साखळ्या बऱ्याचशा सरळ, त्या एकमेकींना घट्ट चिकटतात. तेलातल्या साखळ्यांना मध्येच बाक असतो, म्हणून त्या सैल राहतात. पटलाचंही तसंच. गारठा वाढला की ई. कोलाय हा जिवाणू बाकदार साखळ्या वाढवतो आणि पटल वाहतं ठेवतो. मायकेल सिनेन्स्की यांनी 1974 मध्ये हे मोजून दाखवलं.

टीबीच्या जंतूचा भर मात्र चिवटपणावर. त्याच्या पटलाबाहेर मायकोलिक आम्लांचं मेणचट कवच असतं. नेहमीच्या मेदाम्लात 16-18 कार्बन अणू, इथे 60 ते 90! बेडक्याच्या तपासणीत जंतूला चढलेला लाल रंग आम्लाने धुऊनही जात नाही, ते या कवचामुळेच. 1952 पासून वापरात असलेलं आयसोनियाझिड हे औषध मायकोलिक आम्लं तयारच होऊ देत नाही. पण वाढ थांबवून जंतू सुप्त झाला की कवचाचं नवं बांधकामच जवळजवळ थांबतं. मग आयसोनियाझिडने रोखायचं तरी काय?

शिवाय सुप्तावस्थेत पटलही बदलतं. आपल्या पवईच्या आयआयटीत प्राध्यापक शोभना कपूर यांच्या गटाने टीबीच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, घेऊन हे तपासलं. वाढत्या जंतूचं पटल सैल, त्यात कार्डिओलिपिन नावाचं लिपिड भरपूर. सुप्त जंतूत कार्डिओलिपिन घटलेलं, मेणासारखे मेद वाढलेले, पटल ताठ. रिफाब्युटिन हे औषध वाढत्या जंतूच्या पटलातून सहज आत गेलं, सुप्त जंतूच्या पटलातून जेमतेम.

खोकला थांबल्यावर फुप्फुसात उरतात ते बहुतेक असेच सुप्त जंतू. ते एकदम जागे होत नाहीत. आज काही, महिन्याभराने आणखी काही. जो जेव्हा जागा होईल, तेव्हा औषध रक्तात हजर असावं लागतं. पवईच्या संशोधकांचा पुढचा विचार असा, की हे ताठ पटल सैल करणारा एखादा रेणू जुन्याच औषधांच्या जोडीला द्यावा, म्हणजे सुप्त जंतूपर्यंतही ती पोहोचतील.