स्रीहार्जोचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या वर्गासाठी मी एका परदेशी खेड्याचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटेल. हे खेडे इंडोनेशियातील जावा बेटावर, योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेस, बांतुल जिल्ह्याच्या इमोगिरी भागात आहे. नाव स्रीहार्जो. जवळच्या टेकडीवर माताराम राजघराण्याच्या समाध्या आहेत आणि गावाच्या कडेने ओयो नदी वाहते. सखल भागात भातखाचरे, घरांभोवती नारळी-केळींच्या परसबागा. जावामध्ये अशी खेडी हजारोंनी सापडतील. स्रीहार्जोचे नाव अर्थशास्त्राच्या ग्रंथांत गेले ते एका साध्या प्रश्नामुळे. एका कुटुंबाला पुरेसे जगण्यासाठी किती जमीन लागते, हा तो प्रश्न.

हा प्रश्न विचारला डेव्हिड पेनी या ऑस्ट्रेलियन अर्थशास्त्रज्ञाने आणि गाजा मादा विद्यापीठाच्या मास्री सिंगारिंबून यांनी. त्यांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आपला मापदंड शहरातून नेला नाही, गावकऱ्यांच्याच बोलीतून घेतला. जावानीज भाषेत ‘चुकुपान’ असा शब्द आहे. श्रीमंती नव्हे, चैन नव्हे; पोटभर भात, अंगावर धड कपडा, आणि सणासमारंभात शेजाऱ्याला मान खाली घालावी लागू नये एवढी ऐपत. या ‘पुरेशा’ जगण्यासाठी सुमारे ०.७ हेक्टर ओलिताचे भातशेत आणि ०.३ हेक्टर परसबाग लागते, असा हिशेब निघाला. आपल्या मापाने पावणेदोन एकर भात आणि पाऊण एकर परस. मागणी किती माफक होती पाहा! परंतु गावातील बहुतेक कुटुंबे या मापाच्या आसपासही नव्हती. कित्येकांकडे भातशेत मुळीच नव्हते.

मग ही माणसे जगत होती कशी? नारळीच्या आधारावर. येथे नारळीचा फुलोरा छेदून रस काढतात आणि तो आटवून गूळ करतात. पुरुषाने सकाळ-संध्याकाळ झाडावर चढायचे, रसाची भांडी उतरवायची. स्त्रीने चुलीपाशी बसून तासन्‌तास रस ढवळायचा. झाड दुसऱ्याचे असेल तर उत्पन्नात मालकाचा वाटा. पावसात खोड निसरडे होते. पाय घसरला तर घरचा कर्ता पुरुष मरतो किंवा जन्माचा पांगळा होतो. जळणासाठी रानोमाळ हिंडावे लागते, ते वेगळेच. एवढे करून बाजारात गूळ विकायचा आणि त्या पैशाने तांदूळ आणायचा. तांदूळ महागला आणि गूळ उतरला की उपास. ज्या गावाच्या शिवारात तांदूळ पिकतो, त्याच गावातील निम्मेअधिक संसार बाजाराच्या तराजूवर लटकत होते.

दुसरा आधार कापणीचा. जावामध्ये भाताची कापणी स्त्रिया ‘आनी-आनी’ नावाच्या, बोटांत धरायच्या लहानशा पात्याने एकेक ओंबी खुडून करीत. शेत कोणाचेही असो, शेजारच्या बायका कापणीला येणार, हा संकेत होता. त्यांनी कापलेल्या पिकाचा ठरावीक हिस्सा त्यांचा. याला ‘बावोन’ म्हणत. नाते जवळचे असेल तर हिस्सा मोठा, परक्या गावची असेल तर लहान. ही पद्धत समतेची होती असा भ्रम कोणी करून घेऊ नये. शेत मालकाचेच राही आणि उपकाराची भाषाही मालकाचीच राही. तरीही भूमिहीन स्त्रीला गावच्या पिकात शिरण्याचा एक दरवाजा उघडा होता. क्लिफर्ड गीर्ट्‌झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेला ‘वाटून घेतलेले दारिद्र्य’ म्हटले. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त होती, कारण वाटणी कधीच सारखी नव्हती. लुराहला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, पगाराऐवजी ‘बेंगकोक’ जमीन कसायला मिळे. आपल्याकडील वतनी जमिनीची आठवण यावी असाच तो प्रकार.

आता कायद्याकडे वळू. १९६० साली इंडोनेशियात जमीनविषयक मूलभूत कायदा झाला, वाटेकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि कमाल धारणेचा कायदाही झाला. दाट वस्तीच्या भागात ओलिताची मर्यादा ५ हेक्टर, आणि प्रत्येक शेतकरी कुटुंबास किमान २ हेक्टर मिळावेत हे ध्येय. स्रीहार्जोसारख्या गावात हे ध्येय म्हणजे क्रूर विनोद होता. तेथे ५ हेक्टरांचे धनी शोधूनही क्वचितच सापडले असते आणि सर्व जमीन समान वाटली असती तरी प्रत्येकास ‘पुरेसे’ झाले नसते. समाजवाद्यांनी हे कटू सत्य डोळे उघडे ठेवून मान्य केले पाहिजे. परंतु त्यावरून ‘लोकसंख्या हेच सर्व दुःखाचे मूळ’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. जमीन अपुरी असते तेव्हा थोडक्या जमिनीचा आणि कामाचा हक्क कोणाकडे आहे, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

हा प्रश्न विचारणारे गावात कोण होते? इंडोनेशियाचा समाजवादी पक्ष सुतान शाहरीर यांचा. १९५३ साली रंगून येथे भरलेल्या आशियाई समाजवादी परिषदेत तो सहभागी होता. विद्वत्तेत हा पक्ष कोणाला हार जाणारा नव्हता. परंतु १९५५ च्या निवडणुकीत त्याला २ टक्के मते आणि ५ जागा मिळाल्या. शहरातील सुशिक्षितांच्या वर्तुळाबाहेर तो पडलाच नाही. १९६० साली त्याच्यावर बंदी आली. खेड्यात वाटेकऱ्यांना संघटित केले ते कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेने. कायद्याची अंमलबजावणी होत नाही असे पाहून १९६३ पासून तिने एकतर्फी जमीनताब्याची मोहीम सुरू केली. गावे दुभंगली. १९६५-६६ च्या हत्याकांडात किमान पाच लाख माणसे मारली गेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जावाची खेडी मुकी झाली. पुढे १९७५ च्या कायद्याने गावपातळीवर पक्षांना काम करण्यासच मज्जाव केला. खेडूत म्हणजे ‘तरंगता समुदाय’; त्याने शेती करावी, पाच वर्षांनी मत द्यावे आणि मध्यंतरी गप्प बसावे, हे सुहार्तोंच्या राजवटीचे तत्त्वज्ञान होते.

आणि नेमक्या याच मुक्या गावात हरितक्रांती आली. नवे बियाणे, खत आणि कर्ज सरकारी योजनेतून आले. पीक वाढले, यात शंका नाही. १९८४ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. परंतु गिरणी आली आणि मुसळाने भात कांडणाऱ्या बायकांचे काम गेले. किती जणींचे गेले यावर अर्थतज्ज्ञांत वाद झाला. गेले यावर नाही. बुटक्या नव्या भाताला आनी-आनीपेक्षा विळा सोयीचा ठरला. कित्येक ठिकाणी मालक उभे पीकच व्यापाऱ्याला विकू लागला. या ‘तेबासान’ पद्धतीत व्यापारी आपली मोजकी टोळी आणतो; गावच्या बायका बांधावर उभ्या राहून पाहतात. अन्यत्र असे झाले की, लावणी आणि निंदणी फुकट करील तिलाच कापणीस येऊ द्यायचे. मालकाला याचा जाब विचारावा अशी संघटना उरली नव्हती. संकेत मोडायला एक हंगाम पुरतो. हक्क मोडायचा तर निदान भांडण तरी करावे लागते.

आज चित्र बदलले आहे हेही सांगितले पाहिजे. सरकारी मोजमापानुसार १९७६ साली देशातील सुमारे ४० टक्के जनता दारिद्र्यात होती. आज ते प्रमाण एक-दशांशाहून कमी आहे. रस्ते झाले, मुले शाळेत गेली, माणसे बांधकामावर, बाजारात, कारखान्यात कामाला जाऊ लागली. जावाच्या खेड्यांतील असंख्य स्त्रिया मलेशिया, हाँगकाँग, सौदी अरेबियात घरकाम करून पैसे धाडतात. गरिबी हटली ती मुख्यतः शेताबाहेरच्या कामाने. पण ते काम बहुधा रोजंदारीचे, बिनकरारी आणि संकटात प्रथम बुडणारे. २७ मे २००६ च्या भूकंपाने बांतुल जिल्हा उद्ध्वस्त केला, हजारो माणसे दगावली. घरे पुन्हा उभी राहिली त्यात सरकारी मदत होती, तसा ‘गोतोंग-रोयोंग’ म्हणजे परस्परांच्या श्रमदानाचाही मोठा भाग होता. जी सहकार्याची वृत्ती सुहार्तोंनी घोषणेपुरती वापरली, ती लोकांच्या हातात जिवंत होती.

२०१४ च्या ग्राम कायद्यानंतर २०१५ पासून केंद्राचा निधी थेट खेड्यांकडे जाऊ लागला. ही विकेंद्रीकरणाची मोठी पायरी आहे. परंतु २०२३ साली ग्रामप्रमुखांनी राजधानीत मोर्चे काढले ते आपली मुदत वाढवून घेण्यासाठी, आणि २०२४ च्या दुरुस्तीने ती ६ वर्षांवरून ८ वर्षांवर गेली. निधी गावात पोहोचला. गावसभेत भूमिहीन बाईचा शब्द पोहोचला काय, हा प्रश्न शिल्लक आहे.

साथींनो, शाहरीर यांच्या पक्षाकडे विचारांची वाण नव्हती. वाण होती ती बांधावर उभ्या असलेल्या बाईशेजारी उभे राहणाऱ्या कार्यकर्त्याची. म्हणून वर्ग संपवून आपापल्या तालुक्यात परत जाल, तेव्हा उत्पादनाचे आकडे जरूर वाचा. पण त्याआधी गावात जाऊन विचारा की, येथे पुरेसे जगायला काय लागते, ते किती घरांत आहे आणि गेल्या हंगामात कोणता दरवाजा कोणासाठी बंद झाला. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.