माझी वेळ

(स्त्री-आरोग्यावरच्या एका दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला इथं बोलवताना तुमच्यातली एक कार्यकर्ती फोनवर म्हणाली, "ताई, तुम्ही धावता ना, त्याबद्दल बोला." मी म्हटलं, अगं, मी काही खेळाडू नाही. शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. वय एक्कावन्न. धावायला लागले तेव्हा सत्तेचाळिशी आली होती. घरात भिंतीवर पदकं आहेत, पण ती शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळतात, तेवढीच. त्यावर ती म्हणाली, "म्हणूनच तर बोलवतोय." मग आले.

मी तुम्हाला तीन आकडे सांगणार आहे. २ तास ५२ मिनिटं. ३ तास ११ मिनिटं. २ तास ४४ मिनिटं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमधल्या या माझ्या तीन वर्षांच्या वेळा आहेत, २०२३, २०२४ आणि २०२५ च्या. ही अर्धमॅरेथॉन असते, एकवीस किलोमीटरला थोडी जास्त. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि तसंच परत यायचं. निम्मं अंतर चढ, निम्मं उतार. पावसाळा सरत आलेला असतो, घाटात धुकं असतं. चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलतात.

धावणाऱ्या लोकांना आपापली सर्वांत चांगली वेळ पाठ असते. दोघी भेटल्या की आधी तेच विचारतात. मला सुरुवातीला याचं हसू यायचं. पहिली येणारी बाई माझ्या तासभर आधी घरी पोचून चहा पीत असते, मग माझ्या पाच-आठ मिनिटांचं कौतुक कुणाला? पण हळूहळू लक्षात आलं, की बाईच्या आयुष्यात तिची तुलना सतत दुसऱ्या कुणाशी तरी चाललेली असते. जावेशी, शेजारणीशी, नवऱ्याच्या आईशी. इथं पहिल्यांदाच माझी तुलना माझ्याशीच होती. मागच्या वर्षीची मी आणि या वर्षीची मी.

आमचा सात जणींचा गट आहे. पहाटे पाचला निघतो. एकटीनं निघायची सोय नाही, हे तुम्हाला सांगायला नको. रस्त्यावरचे दिवे गेलेले असतात, कुत्री असतात आणि मोटारसायकलवरून जाताना काहीतरी बोलून जाणारेही असतात. सात जणी असल्या की तेच लोक गप्प बसतात. पहिले सहा महिने आम्ही पंजाबी ड्रेसवरच धावत होतो. ट्रॅक पँट घालायची की नाही यावर आमची मैदानावर बसून तीन वेळा चर्चा झाली. शेवटी आमच्यातली सगळ्यांत मोठी, बासष्ट वर्षांची मावशी ट्रॅक पँट घालून आली आणि म्हणाली, "मी सासू आहे, मला कोण बोलणार?" दुसऱ्या दिवशी सगळ्याच जणी ट्रॅक पँटमध्ये.

आता मधल्या आकड्याकडे येते. ३ तास ११ मिनिटं.

२०२४ साली मी आदल्या वर्षीपेक्षा जास्त सराव केला होता. आठवड्यातून दोनदा घाट. तरी चढावर पाय उचलेनात. छाती धडधडत होती. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरलाच चालायला लागले. १९ मिनिटं जास्त लागली. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, वय झालं आता." नवरा म्हणाला, "कशाला दगदग करतेस?" दोघंही प्रेमानंच बोलले. मीही मान डोलावली.

पण वही समोर होती. मी दर धावण्याची वेळ वहीत लिहिते, जमाखर्च लिहावा तशी. मागची पानं चाळली तर दिसलं, की घसरण शर्यतीच्या दिवशी झालेली नव्हती, मार्चपासून सुरू होती. तेच पाच किलोमीटर, तोच रस्ता, आणि दर महिन्याला मिनिट-दीड मिनिट जास्त. वय असं दर महिन्याला मिनिटानं वाढत नाही. आमच्यातली एक नर्स आहे. तिला वही दाखवली. तिनं वेळेबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, "पाळी कशी आहे?"

मैत्रिणींनो, मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. दीड वर्ष माझी पाळी नऊ-नऊ, दहा-दहा दिवस चालत होती. दोन दिवस तर तासा-दीड तासाला पॅड बदलावं लागे. ऑफिसात खुर्चीवर काळी ओढणी टाकून बसत होते. पण आईचंही असंच होतं, मोठ्या बहिणीचंही. "जाताना अशीच जाते" असं ऐकत आलेलो. म्हणून ते दुखणं आहे असं वाटलंच नाही. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया यात बसत होत्या. म्हणजे दोघींमागं एकीहून जास्त. हिमोग्लोबिन रक्तातून प्राणवायू वाहून नेतं. ते कमी झालं, की स्नायूंना जेवढा हवा तेवढा प्राणवायू पोचत नाही. हृदय जास्त धडधडतं आणि माणूस दमतं. मी घाटात दमले कारण मला घाट चढायचा होता. पण जी बाई पाण्याचा हंडा घेऊन चढते, जी भांगलायला वाकते, जी दुसऱ्या मजल्यावर विटा नेते, तीही अशीच दमते. तिच्या हातात घड्याळ नसतं. तिला कुणी सांगत नाही, की गेल्या वर्षी हाच हंडा तू पाच मिनिटं लवकर आणत होतीस. तिला आळशी म्हणतात, नाहीतर कुरकुरी म्हणतात.

सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ निघाली. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "पिशवी काढून टाका. मुलं झाली ना? आता तिचा काय उपयोग?" त्या खुर्चीत बसून मला बीडच्या बायका आठवल्या. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून केवढा गदारोळ झाला होता, चौकशी समिती नेमली गेली होती. पाळीत कामावर खाडा झाला तर मुकादमाला दंड भरावा लागतो, म्हणून ऐन तिशीत पिशवी काढून टाकलेल्या बायका. माझी आणि त्यांची परिस्थिती एक नाही, हे मला कळतं. मला पगारी रजा आहे, दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला पैसे आहेत. पण "तिचा काय उपयोग" हे वाक्य एकच आहे.

मी दुसरं मत घेतलं. त्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ लहान आहे, धोक्याची लक्षणं नाहीत, आधी औषधांनी बघू. रक्तस्राव कमी करण्यासाठी गर्भाशयात हार्मोन सोडणारं साधन बसवलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. जेवणाला लागून चहा बंद, कारण चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू किंवा आवळा, कारण त्यानं ते जास्त अंगी लागतं. प्रत्येकीला हाच उपाय लागू पडेल असं नाही. एखादीला शस्त्रक्रिया खरंच लागते. माझं म्हणणं एवढंच, की निर्णय दोन मिनिटांत होऊ नये आणि आपल्याला वगळून होऊ नये. आठ महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४ झालं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात, २ तास ४४ मिनिटं. ही माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी शर्यतीच्या मैदानात बसून रडले. पदकासाठी नाही. "वय झालं" हे खोटं होतं, म्हणून.

बाईच्या शरीराबद्दल खोटं पसरवणं जुनंच आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून मैदानावर बसल्या, आडव्या झाल्या. पुरुषही होतात. पण बायकांना हे झेपत नाही असा ओरडा झाला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. बत्तीस वर्षं! बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब झुडपात लपून बसली आणि मग पुरुषांच्या घोळक्यात शिरून धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्वित्झरनं अर्जावर फक्त आद्याक्षरं लिहून नंबर मिळवला, तेव्हा आयोजकांपैकी एकानं भर रस्त्यात तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला. ती पुरी धावली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं. त्याच वर्षी पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. आणि ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पुढची भारतीय बाई पोचली ती २०१६ साली, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर. मोहीसारख्या दुष्काळी गावातली मुलगी.

आपल्याकडं लता करे यांचंही नाव सगळ्यांना माहीत आहे. साठी उलटल्यावर नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या, जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण एक गोष्ट मनात येते, ती बोलते. नवऱ्यासाठी धावणाऱ्या बाईला सगळं गाव टाळ्या वाजवतं. स्वतःसाठी धावणाऱ्या बाईला तेच गाव विचारतं, घरी कामं नाहीत का?

हा प्रश्न चळवळीतल्या मैत्रिणींनीही मला विचारलाय, वेगळ्या शब्दांत. "बुटांना तीन-चार हजार, शर्यतीची फी वेगळी. ही मध्यमवर्गीय चैन नाही का?" आहे, काही अंशी. मी ते नाकारत नाही. जी दिवसभर शेतात राबते तिला मी "पहाटे धाव" असं सांगणार नाही. तिला विश्रांती हवी, मजुरी हवी, पोटभर अन्न हवं. पण बाईचा वेळ तिचा असावा, हे मागणं चैनीचं नाही. ते तिचंही आहे आणि माझंही.

आमच्या गटाचा या वर्षीचा निकाल सांगते. सगळ्यांत तरुण शिक्षिका, २ तास २१ मिनिटं. मावशी उतारावर पाठमोरी चालत आली, गुडघ्यांसाठी. वेळ सांगत नाही, पण मागच्यापेक्षा बरी आहे म्हणते. पोळीभाजी केंद्र चालवणारी आमची मैत्रीण रात्री दोनला उठून दीडशे पोळ्या लाटून आली. तिला मागच्या वर्षीपेक्षा बारा मिनिटं जास्त लागली. तिचं घड्याळ खरं तर दोनला सुरू झालं होतं. ते कुठल्या निकालात येत नाही. आणि एक जण आलीच नाही. सासू अंथरुणाला खिळलेली, नणंद येणार होती ती आली नाही, नवरा म्हणाला मला जमणार नाही. तिचा छातीवर लावायचा नंबर माझ्या पिशवीत तसाच राहिला. तो मी घरी नेला नाही, तिच्या दारात नेऊन दिला. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी." आम्ही ते ऐकून घेतलं नाही. आता दर रविवारी आमच्यातली एक जण पाळीपाळीनं तिच्या सासूजवळ बसते आणि ती धावायला येते.

हे उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. एका बाईचं ओझं दुसऱ्या बाईनं उचललं, नवरा झोपलेलाच आहे. ते भांडण अजून व्हायचंय आणि ते तिच्याबरोबर आम्हालाही करावं लागेल. तोवर तिचे रविवार तरी जाऊ नयेत, एवढंच.

जाता जाता एक विनंती. प्रत्येकीनं धावावं असं नाही. पण एक वही करा. पाळी किती दिवस चालली, किती गेलं, जिना चढताना दम लागला का, झोप किती मिळाली, एवढं लिहा. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा आणि तो आकडा लिहा. आपापल्या गटातल्या बायकांनाही लिहायला लावा, जिला लिहिता येत नाही तिची वही दुसरीनं लिहावी. म्हणजे पुढच्या वेळी कुणी "वय झालं" म्हणालं, तर आपल्याकडं दाखवायला पान असेल.

माझी वही मी आणली आहे. बघायची असेल तर चहाच्या वेळेत बघा. चहा मात्र जेवणानंतर तासाभरानं घ्या.