बर्फावरची पकड

गेल्या आठवड्यात पहिला बर्फ भुरभुरला. मिशिगनमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती सूचनाच असते, की आता चार-पाच महिने जपून. शिवाय सुट्ट्यांसाठी भारतातून आई-बाबा, सासू-सासरे येतात ते याच दिवसांत. म्हणून आज घर्षणाबद्दल बोलूया, म्हणजेच बुटांच्या आणि गाडीच्या पकडीबद्दल.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करते. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत माझे बाबा पुण्याहून आले होते. एका सकाळी म्हणाले, "जरा पत्र-पेटीपर्यंत जाऊन येतो." ड्राइव्हवे काळाभोर, स्वच्छ दिसत होता. पायात त्यांचे नेहमीचे चामडी तळाचे बूट, पॉलिश करून चकचकीत केलेले. चार पावलं टाकली आणि आडवे झाले. मनगट मोडलं. इमर्जन्सीत बसून मला पुन्हा पुन्हा सांगत होते, "अगं, पण तिथे बर्फ नव्हताच!"

बर्फ होता. रात्री वितळलेलं पाणी पहाटे गोठलं की त्याचा पातळ, पारदर्शक थर होतो. त्यातून खालचं डांबर दिसतं, म्हणून त्याला इथे ब्लॅक आईस म्हणतात.

आता आपण चालतो कसे ते बघा. पाय जमिनीला मागे ढकलतो आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते. हे ढकलणं घर्षणामुळे जमतं. घर्षण नसेल तर पाय नुसता मागे सटकेल. बर्फाच्या पृष्ठभागावर अगदी पातळ, पाण्यासारखा निसटता थर असतो, त्यामुळे बुटाला धरायला काही सापडत नाही. गंमत म्हणजे ३२ अंश फॅरनहाइटच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. म्हणजे 'आज बरी हवा आहे' असं वाटतं, त्याच दिवशी जास्त जपायचं.

मग चालायचं कसं? हे खरं तर आपल्याला येतं. कोकणात पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातून आपली आजी कशी चालायची? छोटी पावलं, पाय सपाट टेकवून, घाई न करता. त्यामागे विज्ञान आहे. लांब ढांग टाकली की टाच तिरकी आपटते आणि पाय पुढे सरकायला बघतो. छोट्या पावलात वजन सरळ खाली जातं, आडवा रेटा कमी पडतो, आणि तेवढा रेटा थोडंसं घर्षणही सांभाळून घेतं. हात मात्र खिशात नकोत, तोल सावरायला मोकळे हवेत.

बूट मऊ रबराच्या तळाचे आणि खोल खाचांचे घ्या. मऊ रबर जमिनीच्या बारीक उंचवट्यांवर दबून बसतं. चामडं किंवा थंडीत कडक होणारं प्लॅस्टिक तसं बसत नाही. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टेही मिळतात. ते दाराशीच ठेवा, पण घरात येताना काढा, कारण गुळगुळीत फरशीवर तेच घसरवतात.

आता गाडी. एवढी मोठी गाडी रस्त्याला कुठे टेकते? चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढी. वेग वाढवणं, वळणं, थांबणं ही सगळी कामं हे चार तळहात करतात. त्यांच्याकडे पकड ठरावीकच असते. सगळी पकड ब्रेकवर खर्च केली तर वळायला काही उरत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर.

थोडे आकडे सांगते. ताशी ३० मैल वेगाने जाताना ब्रेक लावला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण ४५ फुटांत थांबते. निव्वळ बर्फावर हेच अंतर ३०० फुटांच्या घरात जातं, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या मैदानाएवढं! वेग निम्मा केला तर मात्र अंतर निम्मं नाही, पाव होतं. ताशी १५ मैलांवर तीच गाडी ७५ फुटांत थांबेल.

"आमची गाडी मोठी आहे, चारही चाकांना ताकद आहे," असं पार्टीत कुणीतरी म्हणतंच. मीही म्हणायचे. चारही चाकांची ताकद गाडी हलवायला कामी येते, थांबवायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. वजनानेही फायदा होत नाही. जड गाडीला पकड जास्त मिळते, पण तिला थांबवायला जोरही तेवढाच जास्त लागतो.

फरक पडतो तो टायरने. पारा साधारण ४५ अंशांखाली गेला की साधं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. टायरच्या बाजूला डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून घ्या. झीज तपासायला एक सेंटचं नाणं पुरतं. लिंकनचं डोकं खाली करून नाणं खाचेत घाला. अख्खं डोकं दिसलं तर टायर संपलेलाच आहे. बर्फासाठी तर त्याच्या बऱ्याच आधी बदलायला हवा.

गाडी घसरलीच तर पाय पेडलवरून हलकेच काढा, जिथे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग त्या दिशेला हळूच वळवा. पुलांवर आधीच सावध राहा. त्यांना खालूनही वारा लागतो, म्हणून ते रस्त्याच्या आधी गोठतात.

आणि ड्राइव्हवेवर मीठ टाकताना एक लक्षात ठेवा. १५ अंशांच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. तेव्हा वाळू टाका. वाळू बर्फ वितळवत नाही, पण पकड देते.

बाबांचं मनगट आता ठीक आहे. या डिसेंबरात ते पुन्हा येतायत. त्यांचे नवे बूट मी आत्ताच आणून ठेवलेत, कारण विमानातून उतरल्यावर पहिलं पाऊल पार्किंगमध्येच पडणार आहे. तुमच्याकडे कुणी येणार असेल, तर त्यांच्या पायाचं माप आजच फोनवर विचारून घ्या.

जपून चाला, सावकाश चालवा. नमस्कार!