शिक्षा मोठी, की न्याय?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'गुन्हा, शिक्षा आणि न्यायालय' असं छापलंय. मी वकील नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली बारा वर्षं पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना आणि कोर्ट या तीन ठिकाणी बायांबरोबर बसून राहायचं काम करते. 'बसून राहायचं' असं मुद्दाम म्हणते. या कामात बोलणं थोडं आणि बसणंच जास्त. त्या बाकावर बसून माझी जी मतं झाली, ती आज सांगणार आहे. पटली नाहीत तर चहाच्या वेळी भांडूया.

सुरुवात माझ्या स्वतःच्या एका घोषणेपासून करते. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमधल्या त्या भयंकर घटनेनंतर सगळा देश रस्त्यावर आला. मी तेव्हा एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या गावात मोर्चा निघाला आणि 'फाशी द्या, फाशी द्या' असं मी घसा बसेपर्यंत ओरडले. त्या दिवशी ते मनापासून होतं. त्याची मला लाज वाटत नाही. राग खरा होता आणि तो असायलाच हवा होता.

पुढं कामाला लागले. पहिल्याच वर्षात एक बाई आली. शेतमजुरी करणारी, दोन मुलांची आई. अत्याचार करणारा तिचा चुलतदीर. फिर्याद झाली, आरोपपत्र गेलं, आणि आमच्या कोर्टाच्या वाऱ्या सुरू झाल्या. दोन एसट्या बदलून जिल्ह्याच्या गावी जायचं. त्या दिवसाची मजुरी बुडाली. दुपारपर्यंत पुकारा व्हायची वाट बघायची. पहिल्या तारखेला आरोपीचा वकील गैरहजर. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या तारखेला पंच आला नाही. चौथ्या तारखेला कळलं, की तपास अधिकाऱ्याची बदली झाली आणि समन्स त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. आरोपी जामिनावर होता. गावातून जिल्ह्याला सकाळची एसटी एकच, म्हणून तोही त्याच एसटीत. आम्ही पुढच्या सीटवर आणि तो मागं.

त्याच सुमारास आम्ही एक मोर्चा काढणार होतो. कार्यालयात फलक रंगवत बसलो होतो. ही बाई तिथंच बसली होती. माझ्या फलकाकडं बघून म्हणाली, "ताई, तुम्ही फाशी म्हणता तेव्हा माझी सासू माझ्याकडं बघते. म्हणते, माझ्या पुतण्याला मारायला निघालीस. मला तो मरायला नकोय. त्यानं हे केलं, असं कोर्टानं एकदा म्हटलं पाहिजे. आणि तो माझ्या एसटीत नको."

मी ब्रश हातात धरून तशीच बसले. तिनं तीन वाक्यांत जे सांगितलं, ते माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासात कुणी सांगितलं नव्हतं.

तिची साक्ष अखेर अठराव्या तारखेला झाली. आणि पिंजऱ्यात उभी राहून ती म्हणाली, मला काही आठवत नाही. सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर करून घेतलं. तो सुटला. परत येताना मी तिच्याशी बोलले नाही, इतकी चिडले होते. नंतर कळलं, की साक्षीच्या आदल्या आठवड्यात भावकी बसली होती. नवऱ्याच्या वाट्याची जमीन हवी असेल तर केस मिटव, असं तिला सांगण्यात आलं. अठरा तारखांत तिच्याजवळ उरलं काय होतं? फितूर ती झाली असं कागदावर लिहिलंय. पण ती फितूर होईपर्यंत तिला झुलवत ठेवलं कुणी, हे कोणत्याच कागदावर नाही. आणि त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले नव्हते, हेही नाही.

मैत्रिणींनो, आरोपी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं अंधारातला कुणी अनोळखी पुरुष येतो. पण पोलिसांत नोंदलेल्या बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, लग्नाचं वचन दिलेला. अशा वेळी फाशीची भाषा आरोपीच्या आधी तक्रार करणाऱ्या बाईच्या मानेवर बसते. 'एका जिवाचा प्रश्न आहे' असं म्हणत सगळी भावकी तिच्या दारात येते. लहान मुलगी असेल तर घरातलेच तिचं तोंड दाबतात.

आपल्या चळवळीनं हे फार आधी ओळखलं होतं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तो 'मथुरा खटला' म्हणून आपल्याला ठाऊक आहे. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर बाया उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न नीट आठवा. शिक्षा किती, हा तो नव्हता. पोलीस ठाण्यात दोन पोलिसांपुढं एकटी मुलगी गप्प राहिली, याला तुम्ही होकार कसा म्हणता, हा होता. त्यातून १९८३ ची दुरुस्ती आली. कोठडीतल्या बलात्कारात बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर ती नव्हती असं न्यायालयानं गृहीत धरायचं. सुनावणी बंद दालनात घ्यायची. तिचं नाव छापायचं नाही.

२०१३ साली न्यायमूर्ती वर्मा समितीनं २९ दिवसांत अहवाल दिला. तिच्यापुढं अनेक स्त्री संघटनांनी फाशीला विरोध नोंदवला होता आणि समितीनंही बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. सरकारनं मात्र काही गुन्ह्यांना फाशी जोडली. लग्नांतर्गत बलात्काराचा अपवाद काढून टाका, ही समितीची शिफारस तशीच राहिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही तो अपवाद आहेच. म्हणजे मोठी शिक्षा द्यायला सरकार तयार असतं. घरातला गुन्हा हा गुन्हा म्हणायला मात्र तयार नसतं.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. एका दलित कुटुंबातल्या आईला, मुलीला आणि दोन मुलांना गावानं मारून टाकलं. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. पेढे वाटावेत अशी बातमी. पण तोच निकाल अॅट्रॉसिटी कायदा लागू करत नव्हता. बलात्काराचा आरोप त्या खटल्यात उभाच राहिला नाही. २०१० साली उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली आणि जातीचा मुद्दा तिथंही मान्य झाला नाही. शिक्षा सर्वांत मोठी मिळाली, पण गुन्ह्याला त्याचं नाव मिळालं नाही. ते चौघं कोणत्या जातीचे होते म्हणून मारले गेले, आणि त्या मायलेकींचं काय झालं, हे न्यायालयाच्या तोंडून आलंच नाही. मग ती फाशी कुणासाठी होती? माझ्या त्या बाईनं मागितलं होतं ते हेच. 'त्यानं हे केलं, असं कोर्टानं म्हटलं पाहिजे.'

मुंबईच्या शक्ती मिलचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१३ मध्ये एका तरुण छायापत्रकारावर तिथं सामूहिक अत्याचार झाला. तिनं तक्रार केली, पोलीस हलले, आणि ते बघून दुसरी एक मुलगी पुढं आली. तिच्यावर त्याच जागी ३१ जुलैला अत्याचार झाला होता आणि ती गप्प होती. तिला बोलतं केलं ते फाशीच्या कलमानं नाही. एकीचं ऐकून घेतलं जातंय, हे तिला दिसलं. खटला आठ महिन्यांत संपला. मुंबई होती, वर्तमानपत्रं होती, सरकारचं लक्ष होतं. लक्ष असलं की आठ महिन्यांत होतं. मग आपल्या तालुक्यातल्या बाईला अठरा तारखा का? आरोपपत्र दाखल झाल्यावर दोन महिन्यांत बलात्काराचा खटला संपवावा, असं कायदा तिच्यासाठीही सांगतो. पुढं २०२१ साली उच्च न्यायालयानं तिघांची फाशी रद्द करून आजन्म कैद दिली. काही मैत्रिणी तेव्हा हळहळल्या. मला वाटतं, ते तिघं दोषी ठरले होते आणि तुरुंगातच राहणार होते. न्याय तेवढ्यानं कमी झाला नाही.

आता एका अवघड गोष्टीकडं येते. २००४ साली नागपूरच्या न्यायालयातच वस्तीतल्या बायांनी एका गुंडाला ठार केलं. वर्षानुवर्षं त्यानं वस्तीला छळलं होतं आणि पोलिसांनी तक्रारींकडं पाठ फिरवली होती. मी तेव्हा दहावीत होते. आई पेपर खाली ठेवून म्हणाली, बरं झालं. मलाही बरंच वाटलं. आजही त्या बायांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण त्या दिवशी कोर्ट हरलं होतं, आणि त्याचा आनंद आपण करू नये, एवढं मला कळतं.

कारण हाच आनंद पुढं पोलीस आपल्या नावानं विकतात. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांचं प्रकरण उघड झालं. पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं होतं. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणेला जाग आली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. 'बदला पुरा' असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं त्या मृत्यूला पोलिसांना जबाबदार धरलं. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला मिटतो. त्यानं काय केलं, हे आता कोणतंही न्यायालय त्या मुलींना सांगणार नाही. आणि तक्रार घ्यायला उशीर कुणी केला, हा प्रश्न त्या गोळीच्या आवाजात बुडाला. ज्यांनी आपल्याला ताटकळत ठेवलं, त्यांच्याच हाती आपण बंदूक द्यायची का?

मला विचारतात, "तुम्ही बायांच्या बाजूच्या की आरोपींच्या?" मी बायांच्या बाजूचीच आहे. म्हणूनच आरोपीलाही वकील मिळाला पाहिजे, असं म्हणते. घाईत, मारहाणीच्या कबुलीवर उभा केलेला खटला वरच्या कोर्टात कोसळतो आणि बाईला पुन्हा रिकाम्या हातानं घरी यावं लागतं. शिवाय तुरुंगात असतं कोण? आपल्या देशात दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. बड्या घरच्या आरोपीच्या गळ्यापर्यंत दोर पोचत नाही. ज्या कायद्याच्या फासात आपल्याच वस्तीतली पोरं सापडतात आणि वाड्यातली निसटतात, तो कायदा कडक आहे असं मी म्हणणार नाही.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी मला येत नाहीत. आम्ही आता काय करतो, ते सांगते.

बाई एकटी कोर्टात जात नाही. पहिल्या तारखेपासून शेवटपर्यंत दोघी तरी बरोबर असतात, आणि साक्षीच्या आदल्या पंधरा दिवसांत घरी जाणं ठरलेलं असतं. प्रत्येक खटल्याची वही ठेवतो. तारीख कोणती, कुणामुळं पुढं गेली, पुढची कधी. पाच-सहा तारखा वाया गेल्या की ती वही घेऊन सरकारी वकिलांना भेटतो. स्त्रीला, तिचं उत्पन्न काहीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करून मागतो. साक्षीदाराचा भत्ता, साक्षीदार संरक्षणाची २०१८ ची योजना, आपल्या राज्याची 'मनोधैर्य' योजना, यांचे अर्ज आम्ही भरून देतो. दोन बोटांच्या चाचणीला सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये नकार दिला आणि ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल, असं २०२२ मध्ये बजावलं. दवाखान्यात जाताना हे आम्ही पाठ करून जातो.

यात घोषणा नाही, हे मला कळतं. वहीचा फोटो पेपरात येत नाही. पण मोर्चे बंद करा असं मी म्हणत नाही. पुढच्या मोर्चात फलकावर काय लिहायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. 'दोन महिन्यांत खटला संपवा' असं लिहूया. 'तक्रार न घेणाऱ्या पोलिसावर गुन्हा नोंदवा' असं लिहूया. तो गुन्हा कायद्यात २०१३ पासून आहे.

ती बाई अजून त्याच गावात आहे. जमीन नवऱ्याच्या नावावर झाली. मागच्या वर्षी शेजारच्या वस्तीतल्या एका मुलीला घेऊन ती आमच्या कार्यालयात आली. म्हणाली, "हिच्याबरोबर मी येईन दर तारखेला. मला बसायची सवय आहे."

त्या खटल्याच्या आतापर्यंत सात तारखा झाल्या. सातही तारखांना ती आली आहे. आठवी पुढच्या मंगळवारी आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल, तर सकाळची एसटी सव्वासहाला सुटते.